बटाट्याचे कलम : मुळांची वाढ ठरते पानांत

जंगली वांग्याच्या खुंटावर टोमॅटोचे कलम यशस्वी होते. मग बटाट्यात का नको, असे शेतकरी विचारतात. बटाट्याच्या एका वाणावर दुसऱ्याचा शेंडा बांधला, तरी कंद खुंटाच्याच वाणाचे येतात. कंदधारणेचा संकेत मात्र पानांतून उतरतो. लवकर पक्व होणाऱ्या वाणाचा शेंडा असल्यास अन्नरस लवकर कंदांकडे वळतो व मुळांची वाढ मंदावते. उशिरा पक्व होणाऱ्या वाणाचा शेंडा मुळांना अधिक अवधी देतो. संशोधनासाठी हे उपयुक्त आहे, बियाण्यासाठी नव्हे. रोगट शेंड्यातील विषाणू कलमातून कंदांत उतरतात. शेतात तेच काम मावा करतो. म्हणून बियाण्याच्या पिकात १०० पानांवर २० मावे दिसण्यापूर्वी पाला कापणे, हा एक महत्त्वाचा उपाय होय.