बिर्याणीचा हिशेब

मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्यातल्या कसाबने तुरुंगात मटण बिर्याणी मागितली, ही गोष्ट ऐकली नाही असा मराठी माणूस सापडणं कठीण. मार्च २०१५ मध्ये जयपूरच्या एका परिषदेत खटल्याचे विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी स्वतःच सांगून टाकलं, की बिर्याणी त्याने मागितलीही नव्हती आणि त्याला दिलीही नव्हती. त्याच्याविषयी सहानुभूतीची लाट उठू लागली होती, ती मोडायला आपण ही गोष्ट रचली होती. तोवर कसाबला येरवड्यात फाशी होऊन दोन वर्षं उलटली होती. बिर्याणी मात्र अजून संपलेली नाही. कुठे अमानुष गुन्हा घडला, की कट्ट्यावर आणि व्हॉट्सॲपवर ती पुन्हा वाढली जाते : “आपल्या कराच्या पैशातून याला कशाला पोसायचं? लटकवा आणि मोकळे व्हा.”

या वाक्यात दोन गृहीतं आहेत. लटकवणं स्वस्त पडतं, हे पहिलं. लटकवलं की मोकळं होता येतं, हे दुसरं. राग बाजूला ठेवून ही दोन्ही गृहीतं तपासता येतात. पहिल्याची तपासणी कॅलिफोर्नियाने केली आहे, दुसऱ्याची आपल्या न्यायालयांच्या निकालपत्रांत झालेली आहे.

“जन्मभर पोसण्यापेक्षा फाशी स्वस्त”

कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १९७८ मध्ये फाशीचा कायदा कडक केला. (तिथे विषारी वायू आणि पुढे विषाचं इंजेक्शन, आपल्या सवयीने त्याला फाशीच म्हणू.) तीस वर्षांनी राज्याच्या सिनेटने नेमलेल्या आयोगाने जमाखर्च मांडला. आयोगाचे अध्यक्ष जॉन व्हॅन डी कँप हे राज्याचे माजी ॲटर्नी जनरल होते. २००८ च्या त्या अहवालानुसार या व्यवस्थेवर वर्षाला सुमारे १३ कोटी ७७ लाख डॉलर खर्च होत होते. त्याऐवजी मरेपर्यंत कैद हीच सर्वांत मोठी शिक्षा ठेवली असती, तर खर्च आला असता सुमारे १ कोटी १५ लाख.

२०११ मध्ये फेडरल न्यायाधीश आर्थर अलार्कोन आणि कायद्याच्या प्राध्यापक पॉला मिचेल यांनी १९७८ पासूनची बेरीज केली. एकूण खर्च सुमारे ४०० कोटी डॉलर. तेवढ्या काळात प्रत्यक्ष शिक्षा किती जणांना झाली? १३. म्हणजे माणशी सुमारे ३० कोटी ८० लाख डॉलर. अलार्कोन यांना कुणी कैद्यांचे कैवारी म्हणणार नाही. न्यायाधीश होण्याआधी ते लॉस एंजेलिसमध्ये सरकारी वकील होते.

एवढा पैसा जातो कुठे? जेवणावर नाही. तिथे मृत्युदंडाचा खटला दोनदा चालतो. आरोपी दोषी आहे का, हे ज्युरी आधी ठरवते. मग त्याला मारायचं की जन्मभर डांबायचं, यासाठी दुसरा खटला उभा राहतो. त्यात त्याचं बालपण, आजार, घरातली मारहाण, शाळेचे दाखले असं सगळं खणून काढावं लागतं. त्यासाठी तपासनीस आणि तज्ज्ञ लागतात. शिक्षा झाली की राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात अपील आपोआप जातं. कैदी नको म्हणाला तरी. त्या अपिलाला वकील मिळायलाच तीन ते पाच वर्षं लागत होती. त्यापुढच्या याचिकेसाठी वकील मिळायला शिक्षेपासून आठ ते दहा वर्षं जात. शिवाय फाशीच्या कैद्याला तेव्हा वेगळी कोठडी आणि वेगळा पहारा असे, म्हणजे साध्या कैद्यापेक्षा वर्षाला सुमारे ९० हजार डॉलर जास्त. यातली खोच अशी, की दुसऱ्या खटल्यात ज्युरीने फाशी नाकारली तरी खर्च झालेला असतोच.

सॅन क्वेंटिन तुरुंगात ८ लाख ५३ हजार डॉलर खर्चून इंजेक्शनची नवी खोली बांधली. ती २०१० मध्ये तयार झाली. १३ मार्च २०१९ रोजी गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी शिक्षांची अंमलबजावणी थांबवली आणि त्याच दिवशी ती खोली मोडायला घेतली. तोवर तिथे एकालाही शिक्षा दिलेली नव्हती. त्या दिवशी राज्यात फाशीच्या रांगेत ७३७ कैदी होते.

“मग अपिलंच तोडा की!” हा सल्लाही तिथे देऊन झाला आहे. २०१६ मध्ये मतदारांनी निसटत्या बहुमताने तसा प्रस्ताव मंजूर केला : अपिलं पाच वर्षांत संपवा. त्याविरुद्ध न्यायालयात कोण गेलं पाहा. १९७८ चा कायदा आणणाऱ्या जॉन ब्रिग्ज यांचाच मुलगा रॉन ब्रिग्ज. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रस्ताव ठेवला, पण पाच वर्षांची मुदत बंधनकारक मानली नाही. काम करायला वकील आणि न्यायाधीश तेवढेच असतील, तर कागदावर मुदत लिहून निकाल लवकर लागत नाही. ज्या वकिलाने १९७८ च्या कायद्याचा मसुदा लिहिला, ते डोनाल्ड हेलरही पुढे त्याच्या विरोधात बोलू लागले, आणि त्यांच्या कारणांत खर्च हे एक ठळक कारण होतं.

आपल्याकडे खटला असा चालत नाही; ज्युरी नाही, वकिलांची फी त्या पट्टीतली नाही. त्यामुळे तिथला आकडा उचलून इथे चिकटवू नये. पण खर्चाची जागा तीच. कसाबवरचा खर्चही ताटात झाला नव्हता. आर्थर रोडमधल्या खास कोठडीवर आणि तिच्याभोवतीच्या पहाऱ्यावर झाला होता.

“जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं, मग सुटतोच”

हा गैरसमज बहुधा हिंदी सिनेमाने पक्का केला. जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. चौदा वर्षं ही शिक्षेची लांबी नाही. ज्या गुन्ह्याला फाशी होऊ शकते त्यात जन्मठेप झाली, तर चौदा वर्षांच्या आत सरकारलाही सूट देऊन सोडता येत नाही, एवढाच कायद्यातल्या चौदा वर्षांच्या कलमाचा अर्थ. त्यानंतर सोडलंच पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही. शिवाय २००८ च्या स्वामी श्रद्धानंद निकालापासून फाशीऐवजी २५-३० वर्षं किंवा मरेपर्यंत सुटका नाही, अशी शिक्षा देण्याची वाट आहे; २०१५ मध्ये घटनापीठाने ती मान्य केली, मात्र हा अधिकार फक्त उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाला ठेवला. म्हणजे “फाशी नाही तर मोकाट” असा पर्याय कोर्टापुढे नसतोच.

“अपिलं म्हणजे पळवाटा, लटकवायला एवढा उशीर कशाला?”

इथे थोडं थांबायला हवं.

जून २००३. नाशिक जिल्ह्यात पेरूच्या बागेतल्या झोपडीत राहणाऱ्या एका कुटुंबावर रात्री हल्ला झाला. पाच जणांचे खून, बलात्कार, लूट. वाचून अंगावर काटा येईल असा गुन्हा. पोलिसांनी भटक्या जमातीतल्या सहा मजुरांना पकडलं. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली, तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांचीही जन्मठेप काढून पुन्हा फाशी दिली. तीन पायऱ्या चढून झाल्या. कट्ट्यावरच्या हिशेबाने पुढच्या वर्षी सहा दोर लागायला हरकत नव्हती.

पण सर्वोच्च न्यायालयाने स्वतःचाच निकाल मागे घेतला आणि प्रकरण पुन्हा ऐकलं. तेव्हा एक कागद नीट वाचला गेला. हल्ल्यातून वाचलेल्या प्रत्यक्षदर्शी बाईने घटनेनंतर लगेच, पोलिसांनी दाखवलेल्या सराईत गुन्हेगारांच्या फोटोंमधून चार जण ओळखले होते. ते चार जण या सहांपैकी नव्हते. त्या चौघांना ना अटक झाली, ना त्यांची चौकशी पुढे गेली. ५ मार्च २०१९ रोजी न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि तपास करणाऱ्या पोलिसांवर कारवाई करायला सांगितलं.

हा कागद सोळा वर्षं प्रकरणाच्या बाडातच होता, कुणी नंतर शोधून आणला नव्हता. तो वाचला जाण्याआधी तीन न्यायालयांनी फाशी दिली होती. खरे खुनी मोकळे राहिले ते वेगळंच; त्या बाईला न्याय मिळाला असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

दुसरं प्रकरण पुण्याचं. १९९४ मध्ये एका घरात पाच बायका आणि दोन मुलांचा खून झाला. त्यातली एक बाई गरोदर होती. एका आरोपीची फाशी २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. पुढे राजस्थानातल्या त्याच्या गावच्या शाळेचं रजिस्टर पुढे आलं. त्यातलं नाव वेगळं होतं. पोलिसांनी नाव आणि वय दोन्ही चुकीचं लावलं होतं. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं, की गुन्ह्याच्या वेळी तो बारा वर्षांचा होता. बारा वर्षांच्या मुलाला भारतीय कायद्याने फाशी देताच येत नाही. तो २८ वर्षांहून अधिक काळ आत होता, त्यातली बरीच वर्षं फाशीच्या छायेत.

“उशीर करतात ते गुन्हेगार आणि त्यांचे वकील”

कधी कधी तेही खरं असतं. पण पुण्यातल्या एका बीपीओ कर्मचारी तरुणीच्या २००७ मधल्या बलात्कार आणि खुनाचं प्रकरण बघा. कंपनीच्या कॅबचा चालक आणि त्याचा मित्र दोषी ठरले. मे २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशी कायम केली. मे २०१७ मध्ये राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला. पुढे काय उरलं होतं? सत्र न्यायालयाने वॉरंट काढायचं, एवढंच. ते निघालं एप्रिल २०१९ मध्ये. दोन वर्षं कागद या टेबलावरून त्या टेबलावर जात राहिला. या दिरंगाईवर बोट ठेवून मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये फाशी रद्द करून ३५ वर्षांची कैद दिली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम केलं. दयेच्या अर्जांसाठी राज्यांच्या गृहखात्यात वेगळा कक्ष करा, हेही त्याच निकालात सांगावं लागलं.

कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या दोघी बहिणींचंही तेच. त्यांच्या दयेच्या अर्जावर निर्णय व्हायला पावणेआठ वर्षांहून अधिक काळ लागला, आणि जानेवारी २०२२ मध्ये त्याच कारणाने त्यांची फाशी जन्मठेपेत बदलली. मुलं गमावलेल्या आयाबापांनी वर्षानुवर्षं तारखा मोजल्या, त्या सरकारी फायलींमुळे. संताप करायचाच तर त्याला हा पत्ता आहे.

“सर्वांत क्रूर असतो, त्यालाच फाशी होते”

१९८० च्या बचनसिंग निकालाचा आग्रह तोच होता : “दुर्मिळातल्या दुर्मीळ” प्रकरणात, तेही गुन्ह्याबरोबर गुन्हेगार तपासून. प्रत्यक्षात काय होतं, याचा मोठा अभ्यास दिल्लीच्या राष्ट्रीय विधि विद्यापीठाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. खालच्या न्यायालयांनी १५ वर्षांत दिलेल्या फाशींपैकी शेवटपर्यंत टिकल्या ५ टक्क्यांहूनही कमी. जवळपास ३० टक्के प्रकरणांत माणूस निर्दोषच सुटला. फाशीच्या रांगेतले ७४ टक्के कैदी आर्थिकदृष्ट्या दुर्बळ घरांतले. शंभरात तीस वेळा चुकणाऱ्या डॉक्टरकडे आपण सर्दीसाठीसुद्धा जाणार नाही.

कॅलिफोर्नियात गरिबीच्या जोडीला रंग येतो, आणि तोही मारणाऱ्याचा कमी, मेलेल्याचा जास्त. १९९० च्या दशकातल्या खुनांच्या अभ्यासात दिसलं, की गोऱ्या माणसाचा खून करणाऱ्याला फाशी होण्याचं प्रमाण काळ्या माणसाचा खून करणाऱ्याच्या तिपटीहून जास्त होतं. इलिनॉय राज्याच्या वहीत चुकांचा हिशेब आहे. १९७७ पासून तिथे १२ जणांना मृत्युदंड दिला गेला आणि फाशीच्या रांगेतले १३ जण निर्दोष ठरले. फाशीचे समर्थक म्हणून निवडून आलेले गव्हर्नर जॉर्ज रायन यांनी हे आकडे पाहून २००० मध्ये अंमलबजावणी थांबवली. २०११ मध्ये तिथे हा कायदाच गेला.

“निदान जरब तरी बसते”

बसत असेल, नसेल. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २०१२ मध्ये तीस वर्षांचे अभ्यास तपासून सांगितलं, की फाशीने खून वाढतात, कमी होतात की तेवढेच राहतात, यातलं काहीच त्या अभ्यासांवरून ठरवू नये. जरबेच्या नावाने छातीठोकपणे बोलणाऱ्याने, मग तो कुठल्याही बाजूचा असो, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

कसाबचा गुन्हा कॅमेऱ्यात होता, म्हणून त्याच्या बाबतीत शंकेला जागा नव्हती. अटकेपासून फाशीपर्यंत चार वर्षंही लागली नाहीत. आपण सगळे फाशी म्हटलं की डोळ्यांपुढे कसाब आणतो. फाशीच्या रांगेत मात्र कॅमेऱ्याविना पकडलेली माणसंच जास्त. आपल्या गृहखात्याने येरवडा आणि नागपूरच्या फाशीच्या कैद्यांवरचा खटल्यांचा, पहाऱ्याचा, वकिलांचा आणि फायलींतल्या वर्षांचा असा एक हिशेब विधिमंडळापुढे ठेवावा. कट्ट्यावरचा वाद निदान खऱ्या आकड्यांवर होईल.

त्यातली एक नोंद तयार आहे. नाशिकच्या सहा जणांना राज्य सरकारने प्रत्येकी ५ लाख रुपये द्यावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला. तुरुंगातल्या जवळपास सोळा वर्षांना भागलं, तर महिन्याला साधारण २,६०० रुपये पडतात.