चार हातोड्यांचा संसार

दिवाळी दोन दिवसांवर आली की आमच्या घरी आकाशकंदिलासाठी खिळा शोधण्याची मोहीम निघते. खिळा सापडतो; बिस्किटांच्या जुन्या डब्यात तळाशी एखादा तरी असतोच. मग तो ठोकायचा कशाने, हा प्रश्न उभा राहतो. पुष्कळ वर्षे या प्रश्नाचे उत्तर ‘बत्त्याने’ असे होते. बत्ता हाती लागला नाही तर वरवंटा, आणि वरवंट्याला सौभाग्यवतींनी हात लावू दिला नाही तर एखादे जाडजूड कुलूप. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. ‘हातोडी’ या शब्दाचे लिंग, वचन आणि सामान्यरूप मला झोपेतही सांगता येईल. वस्तू मात्र घरात नव्हती, आणि बऱ्याच वाचकांच्या घरी याहून फारशी निराळी स्थिती असेल असे मला वाटत नाही.

पुढे एक हातोडी घरात आली. रस्त्याच्या कडेला मांडलेल्या ढिगातून मी ती उचलली होती. वजन अर्धा किलो, दांडा लालभडक रंगवलेला. तो रंग पाहूनच मी भुललो. चूक मारायची ती तिनेच, नारळ फोडायचा तो तिनेच, आणि पलंगाचा निसटलेला खूर बसवायचा तोही तिनेच. दोनेक वर्षांत तिचे डोके दांड्यावर डुगडुगू लागले. तेव्हा एका हितचिंतकाने सांगितले, “रात्रभर बादलीत भिजत टाका, सकाळी पाहा कशी घट्ट होते ती!” खरोखरच झाली. मला तर किमया साधल्याचा आनंद झाला. मग डोके हलले की हातोडी बादलीत, असा क्रमच पडला. पूर्वी महिन्याने भिजवावी लागे, ती पुढे आठवड्याने भिजवावी लागू लागली. यात काही गोम असेल, अशी शंका मात्र मला शिवली नाही.

मे महिन्यातली दुपार होती. गॅलरीतल्या मांडणीची एक फळी निसटली होती, ती मी ठोकत होतो. धाकटी कन्या, वय वर्षे नऊ, माझ्या मागे बसून ताटलीतला एकेक खिळा मला देत होती. मी हात मागे नेला आणि हातोडी एकदम हलकी लागली. मागे धप्प आवाज झाला. वळून पाहतो तो भिंतीचा तळहाताएवढा गिलावा खाली पडलेला, आणि त्याच्या अलीकडे, वीतभर अंतरावर, कन्येचे डोके. माझ्या हातात नुसता लाल दांडा. “बाबा, हातोडी कुठे गेली?” तिने अगदी सहज विचारले. आवाज ऐकून सौभाग्यवती बाहेर आल्या. त्यांनी भिंत पाहिली, मुलगी पाहिली, दांडा पाहिला, आणि एक शब्दही न बोलता मुलीला हाताला धरून आत नेले. त्या काही बोलल्या नाहीत, यावरूनच प्रकार किती गंभीर होता हे विवाहित वाचकांच्या ध्यानी येईल.

वरच्या मजल्यावर तेव्हा सुतारकाम चालू होते. संध्याकाळी दांडा आणि डोके असे दोन्ही अवशेष घेऊन मी मिस्त्रींपुढे उभा राहिलो. भिजवण्याची हकीकत ऐकून ते हसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

“सर, लाकूड पाणी प्यायलं की फुगतं. पण भोवती लोखंड. ते काही जागा देत नाही. मग फुगलेलं लाकूड जाणार कुठं? आतल्या आत चेपलं जातं. वाळलं की पहिल्यापेक्षा बारीक होतं. तुम्ही दर खेपेला तो दांडा थोडा थोडा तासत होतात म्हणा ना.”

पावसाळ्यात पुण्याची हवाही दमट असते, तेव्हा चूक झाकली जाते. मे महिन्यात लाकूड कोरडे ठणठणीत होते आणि हिशेब पुरा होतो. दांडा बसतो त्या भोकाला नेढे म्हणतात. चांगल्या हातोडीचे नेढे मधोमध किंचित अरुंद आणि वरच्या तोंडाशी रुंद असते. दांडा खालून बसवायचा आणि वरून त्याच्या चिरेत पाचर मारायची. लाकूड वर फाकते आणि डोके अडकून राहते. दांडा ढिला झाला तर नवी पाचर मारावी, नाही तर दांडाच बदलावा. पाण्याचा इलाज करू नये. एवढे एक वाक्य कोणी मला आधी सांगितले असते तर बरे झाले असते. म्हणूनच ते मी येथे सांगत आहे.

त्या रात्री मी ठरवले की आता हातोडी घ्यायची ती नीट पाहून. पण घ्यायच्या किती? एका दुकानाच्या काचेआड निळ्या पेटीतला पंधरा नगांचा संच मी पाहून ठेवला होता, आणि खरे सांगायचे तर माझे मन त्याच्यावर गेले होते. मिस्त्रींच्या पिशवीत डोकावलो तर तीनच हातोड्या निघाल्या. तीन हातोड्यांवर त्यांनी आयुष्यभर लोकांची घरे सजवली होती. त्यांच्याशी बोलून, आणि त्यानंतर स्वतःच्या अंगठ्याला प्रायश्चित्त देऊन, मी जो निष्कर्ष काढला तो असा की मध्यमवर्गीय घराला चार हातोड्या पुरतात. पाचवी शेजाऱ्याकडे असावी.

पहिली अगदी लहान, शंभर ते दीडशे ग्रॅमची. हिचे एक तोंड सपाट आणि दुसरे पाचरीसारखे चपटे. अर्ध्या इंचाची चूक चिमटीत धरली की मोठ्या हातोडीला बोटे आणि चूक यांतला फरक कळत नाही. चपटे तोंड मात्र दोन बोटांमधून बरोबर चुकेच्या माथ्यावर उतरते. चूक लाकडात उभी राहिली की बोटे काढून घ्यायची आणि सपाट तोंडाने ती बसवायची. तसबिरीची मागची पट्टी, खणाचा तळ, मुलांच्या शाळेतले प्रकल्प, ही सारी हिची कामे. दुकानात हिच्याकडे कोणी पाहत नाही आणि घरात सर्वांत अधिक वापर हिचाच होतो.

दुसरी नेहमीची, मागे दोन शिंगे असलेली, साडेचारशे ग्रॅमच्या आसपासची. खिळे ठोकावेत आणि वाकडे गेलेले उपटावेत. उपटताना शिंगांखाली लाकडाचा ठोकळा ठेवावा, म्हणजे फळीवर वण उठत नाही आणि खिळाही सरळ वर येतो. आमच्या मिस्त्रींना ही शिंगे मुळीच पसंत नाहीत. खिळा उपटायला अंबूर असताना हातोडीला शिंगे हवीत कशाला, असे त्यांचे म्हणणे. ते त्यांच्या जागी बरोबर आहेत. पण ज्याचे निम्मे खिळे वाकडे जातात अशा माझ्यासारख्याने शिंगांना नावे ठेवू नयेत.

तिसरीच्या वेळी माझी फजिती झाली. रविवार पेठेतल्या बोहरी आळीत एका दुकानदाराला मी म्हटले, “लोखंडाच्या कामाची लहान हातोडी दाखवा.” तो म्हणाला, “बॉलपेन देऊ का?” मी खिशातले पेन काढून म्हटले, “आहे माझ्याकडे.” दुकानातली दोन्ही पोरे तोंड फिरवून हसली. बॉलपेन हातोडी म्हणजे जिचे एक तोंड सपाट आणि दुसरे चेंडूसारखे गोल असते ती. रिव्हेटचे टोक पसरायला गोल तोंड, छिन्नी किंवा पंच ठोकायला सपाट. तीनशे ग्रॅमची घरी पुरते. छिन्नीचे काम शिंगांच्या हातोडीने करू नये. तिचे तोंड खिळ्यासाठी घडवलेले असते. हातोडीवर हातोडी तर कधीच मारू नये. दोन्हींची तोंडे पाणी देऊन कठीण केलेली असतात. ती आपटली की पोलादाची कपरी उडते, आणि ती डोळ्यात जाण्याइतकी वेगवान असते. मुलांना हा खेळ फार आवडतो, म्हणून मुद्दाम सांगतो.

चौथी लोखंडाची नव्हेच. लाकडाची, म्हणजे मोगरी. पटाशीचा लाकडी दांडा लोखंडी हातोडीखाली फुटतो, मोगरीखाली फुटत नाही. खुर्चीचे निखळलेले सांधे, अडकलेला खण, यांनाही मोगरीच बरी. रबराची मिळते, तीही चालेल. मात्र काळ्या रबराचे डाग पांढऱ्या फरशीवर उठतात आणि मग ते कोणी पुसायचे यावर घरात चर्चा होते.

भाषेच्या माणसाला येथे एक गंमत वाटते. आपण सुरा-सुरी, विळा-विळी म्हणतो, तसेच हातोडा-हातोडी; वस्तू लहान झाली की ती स्त्रीलिंगी होते. घण मात्र घणच राहतो. संस्कृतातला ‘घन’ हा ‘हन्’ म्हणजे मारणे या धातूवरून आला, आणि एकमेकांवर आपटून वाजवायचे टाळ-झांजा यांनाही म्हणूनच घनवाद्ये म्हणतात. असो. घण घरात नको.

वजनाविषयी माझी समजूत अशी होती की जड तेवढी चांगली. आमच्या महाविद्यालयातील भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्यांनी ती दूर केली. हातोडीचे वजन दुप्पट केले तर घावाची ऊर्जा दुप्पट होते. पण वेग दुप्पट केला तर ती चौपट होते. म्हणून जी आपल्या हाताला लीलया फिरवता येते ती घ्यावी आणि दांडा शेवटाशी धरावा. मी तो डोक्याशी धरत असे. निम्मा दांडा मी उगाच विकत घेतला होता. त्याच भरात त्यांनी चंद्रावरच्या हातोडीची गोष्ट सांगितली. 1971 साली अपोलो 15 चे डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर एका हातात सव्वा किलोहून जड हातोडी आणि दुसऱ्या हातात ससाण्याचे पीस धरले आणि दोन्ही एकदम सोडली. हवाच नसल्यामुळे दोन्ही एकाच वेळी खाली पडली. “तेव्हा सर, नुसत्या जडपणाने वेग येत नाही, तो मनगटाने द्यावा लागतो,” असे त्यांनी बजावले.

बोहरी आळीत मी तासभर होतो. दुकानदार कंटाळला, पण मिस्त्रींनी सांगितलेले सारे मी पाहिले. रंगवलेला दांडा बाजूला ठेवला. रंगाखाली गाठ आणि चीर दोन्ही लपतात. दांड्याच्या बुडाशी लाकडाच्या वलयांच्या रेषा दिसतात, त्या घावाच्या दिशेने असाव्यात, तिला आडव्या नसाव्यात. धाग्यांची रेघ वाटेतच दांड्याबाहेर पळत असेल तर दांडा तेथेच मोडणार. बाभूळ किंवा धावडा मिळाला तर उत्तम. डोके आणि दांडा यांच्यामध्ये नखही शिरता कामा नये. तोंड अगदी सपाट नसावे, किंचित फुगीर असावे, आणि त्याची कडा मारलेली असावी. नाही तर शेवटचा घाव फळीवर अर्धचंद्र उमटवतो.

तोंडाचे महत्त्व मला येताना अधिक पटले. बोहरी आळीतून कसबा पेठेतली तांबट आळी लांब नाही. कानावर ठोके आले म्हणून मी तिकडे वळलो. तेथे तांब्याच्या हंड्यावर मठारकाम चालले होते. तांब्याचा पत्रा मुळात मऊ; ठोके पडत जातात तसतसा तो कठीण होत जातो, आणि भांड्याला ताठपणा येतो. कारागिराच्या हातोडीचे तोंड आरशासारखे घासलेले होते. का, म्हणून विचारले. “तोंडावर जो ओरखडा असेल तो प्रत्येक ठोक्यागणिक हंड्यावर उठेल,” तो म्हणाला, आणि त्याने हात थांबवलाही नाही. घरी नारळ फोडून फोडून खडबडीत झालेले माझ्या जुन्या हातोडीचे तोंड मला आठवले.

ते जुने डोके मी टाकले नाही. मिस्त्रींनी त्याला बाभळीचा नवा दांडा घालून दिला, आणि पाचर मारताना कन्येला शेजारी बसवून दाखवली. आता ते नारळापुरते आहे. नव्या चार हातोड्या गॅलरीतल्या फळीवर, मुलांचा हात सहज पोहोचणार नाही अशा उंचीवर टांगल्या आहेत. खंडेनवमीला त्यांना झेंडूचे फूल वाहिले. काम सुरू करण्यापूर्वी प्रत्येकीचे डोके ओढून पाहायचे आणि मागे कोणी बसलेले नाही ना ते पाहायचे, हा नियम सौभाग्यवतींनी घातला आहे आणि मला तो तोंडपाठ आहे.

यंदा आकाशकंदिलासाठी मी दुसरी हातोडी मोठ्या ऐटीने काढली. तीन खिळे वाकले. गॅलरीच्या दारावर काँक्रीटची तुळई आहे, आणि साधा खिळा काँक्रीटमध्ये जात नाही, हे मला चौथा खिळा वाकल्यावर सुचले. मग पाचवीची आठवण झाली. पण शेजारी पाचवी हातोडी निघाली नाही, ड्रिल मशीन निघाले. त्यांनी येऊन भोक पाडून दिले. “मग बाबा, आपण चार कशाला आणल्या?” कन्येने विचारले. भोकात प्लास्टिकची गिट्टी बसवायची राहिली होती. मी तिला स्टुलावर उभे केले, स्टूल दोन्ही हातांनी धरले आणि शंभर ग्रॅमची हातोडी तिच्या हाती दिली. तिने आधी डोके ओढून पाहिले, मागे वळून पाहिले, आणि तीन ठोक्यांत गिट्टी बसवली.