काळाचा जमाखर्च

आइनस्टाइन यांचे नाव निघाले की ‘जगात सर्व काही सापेक्ष आहे’ हे वाक्य हमखास ऐकू येते. त्यांच्या सिद्धांताचे म्हणणे मात्र तसे नाही. निर्वात पोकळीत प्रकाशाचा वेग प्रत्येक निरीक्षकाला सारखाच, म्हणजे सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर आढळतो, ही निरपेक्ष गोष्टच त्याच्या पायाशी आहे.

या स्थिर वेगामुळेच प्रकाशाच्या प्रवासाचा काळ हे अंतराचे माप होऊ शकते. ‘प्रकाशवर्ष’ हा शब्द पुष्कळदा काळाचे एकक समजून वापरला जातो. वास्तविक ते अंतर आहे. प्रकाश एका वर्षात जेवढे अंतर तोडतो ते, म्हणजे सुमारे ९.४६ लाख कोटी किलोमीटर. देवयानी दीर्घिका आपल्यापासून सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर आहे. म्हणून तिचा आज दिसणारा प्रकाश तितक्याच वर्षांपूर्वी तेथून निघालेला असतो.

मोबाइल फोनमधील जीपीएस हीच युक्ती लहान प्रमाणावर योजते. उपग्रहाचा संदेश किती वेळात पोहोचला यावरून त्याचे अंतर ठरते. सेकंदाच्या दशलक्षांश भागात, म्हणजे एका मायक्रोसेकंदात, संदेश ३०० मीटर जातो. साहजिकच उपग्रहावर अणुघड्याळे बसवावी लागतात, आणि सापेक्षता येथेच आड येते.

१९०५ च्या विशिष्ट सापेक्षता सिद्धांतानुसार वेगाने जाणारे घड्याळ आपल्या तुलनेने मंद चालते. १९१५ च्या व्यापक सिद्धांतानुसार गुरुत्वाकर्षण जेथे क्षीण, तेथे घड्याळ जलद चालते. हा यंत्रातील दोष नव्हे. तेथे काळाचीच चाल निराळी असते. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सेकंदाला जवळजवळ ३.९ किलोमीटर वेगाने फिरतात. त्यांच्या खात्यावर दररोज उंचीमुळे सुमारे ४५ मायक्रोसेकंद जमा होतात, वेगामुळे ७ नावे पडतात आणि शिल्लक उरते ३८. दिवसअखेर एका रुपयाच्या फरकासाठी सर्व नोंदी पुन्हा तपासणाऱ्यांना या शिल्लकेचे महत्त्व सांगावयास नको. ती तशीच राहू दिली, तर अंतराच्या मोजणीत दररोज सुमारे ११ किलोमीटरची चूक साचत जाईल.

गंमत अशी, की १९७७ साली एनटीएस-२ हा चाचणी उपग्रह अवकाशात गेला तेव्हा अशी दुरुस्ती खरोखरच लागेल काय, याविषयी काही जाणकारांनाही शंका होती. म्हणून दुरुस्तीची सोय उपग्रहावर ठेवली, परंतु प्रथम ती बंद ठेवण्यात आली. सुमारे वीस दिवस घड्याळ स्वैर चालू दिले. ते एक लाख कोटी भागांत ४४२.५ भाग जलद आढळले. सिद्धांताचे भाकीत होते ४४६.५. त्यानंतर दुरुस्ती सुरू करण्यात आली. जीपीएसच्या घड्याळांत ती जमिनीवरच करून ठेवतात. १०.२३ मेगाहर्ट्झऐवजी १०.२२९९९९९९५४३ मेगाहर्ट्झ अशी वारंवारता बांधून दिली, की कक्षेत पोहोचल्यावर त्यांची चाल आपल्या घड्याळांशी जुळते. लंबवर्तुळाकार कक्षेमुळे राहणारा किरकोळ फरक ग्राहकयंत्र स्वतःच वळता करून घेते.

भारताच्या ‘नाविक’ प्रणालीचे उपग्रह याहून उंच, सुमारे ३६,००० किलोमीटरवर आहेत. तेथे गुरुत्वाकर्षण आणखी क्षीण आणि वेगही कमी. त्यामुळे जमा वाढते, नावे घटते आणि त्यांच्या घड्याळांची दैनिक शिल्लक जीपीएसपेक्षा मोठी निघते.