तोडलेल्या झाडाचा बुडखा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

नांदेड आणि लातूर या दोन्ही शहरांत जुन्या वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, रस्ते रुंदावले, दुकानांच्या पुढे वाहनतळ आले. आणि या सर्व स्थित्यंतरात जी झाडे आडवी झाली त्यांचे बुडखे मात्र अंगणात, कुंपणभिंतीच्या कडेला आणि दुकानाच्या पायरीशी तसेच राहिले. हे बुडखे कसे नाहीसे करावेत याविषयी जे समज लोकांत रूढ आहेत त्यांपैकी बहुतेकांचा उगम एकाच दुर्लक्षात आहे : आपल्या पायाखालची जमीन काळी, चिकण आणि पाण्याच्या येण्याजाण्याबरोबर फुगणारी व आकसणारी आहे, हेच आपण विसरतो.

पहिला समज असा, की खोड कापले म्हणजे झाड मेले. नारळ किंवा ताड यांच्यापुरते हे खरे आहे; परंतु कडुनिंब, सुबाभूळ, निलगिरी आणि विशेषतः वेडी बाभूळ यांच्या बुडख्यांना पहिल्या पावसातच फुटवे येतात, आणि शिसवीसारख्या झाडाची तर लांबवर गेलेली मुळेही नवे कोंब वर काढतात. वेडी बाभूळ जमिनीलगत कापणे हा तिला छाटणी देण्याचाच प्रकार होय.

या चिवटपणावर उतारा म्हणून मग बुडख्याला भोके पाडून त्यांत मीठ, तेजाब, रॉकेल, क्वचित हिंग किंवा पाराही भरण्याचा सल्ला मोठ्या आत्मविश्वासाने दिला जातो. हिंगाविषयी काही न बोललेले बरे. स्वयंपाकघराबाहेर त्याचा एवढा दरारा कसा निर्माण झाला हे एक कोडेच आहे. मिठाची गोष्ट मात्र गंभीर आहे, कारण मिठातील सोडियम चिकणमातीच्या कणांची घडण मोडतो, जमीन ओली असता चिखल आणि वाळली असता दगड होते, पाणी आत मुरत नाही, आणि ज्या जागेत पुढे फुलझाड लावावयाचे तीच जागा अनेक वर्षांकरिता नापीक होते. पारा तर विषच आहे. तो मातीतून नाहीसा होत नाही. बुडखा पेटवून देणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की ओले लाकूड वरून विझल्यासारखे दिसले तरी आग कोरड्या मुळांतून आत धुमसत राहते, आणि ती शेजारच्या कुंपणापाशी किंवा तारांपाशी कोठे डोके वर काढील याचा भरवसा नसतो.

आता यंत्रांकडे वळू. आपल्याकडे बुडखा म्हटला की प्रथम जेसीबीला बोलावणे जाते, आणि मोकळ्या प्लॉटवर ते योग्यही आहे. परंतु घराला लागून असलेला बुडखा जेसीबीने उपटला असता त्याच्याबरोबर मुळांचा विस्तीर्ण गड्डा, कधी नळाची पाइपलाइन आणि कधी कुंपणभिंतीचा पायाही हलतो, मागे मोठा खड्डा राहतो, आणि तो सैल मातीने भरला तर पुढच्या पावसाळ्यात खचतो. बुडख्याचा भुसा करणारे ग्राइंडर यंत्र या दृष्टीने सौम्य आहे : कठीण दातांचे फिरते चाक लाकूड किसत जमिनीखाली साधारण वीतभर ते फूटभर उतरते. परंतु त्याने सर्व मुळे निघतात हा समज चुकीचा आहे. आडवी पसरलेली मुळे आतच राहतात, ती सावकाश कुजतात, आणि वरची जमीन थोडी बसते; म्हणून त्या जागेवर लगेच फरशी किंवा काँक्रीट करू नये. मुरूम आणि दगडगोटे लागले की दात बोथट होतात व खडे गोळीसारखे उडतात, यासाठी चालकाने डोळ्यांवर चष्मा घालणे आणि बघ्यांनी दूर राहणे हा शिष्टाचार नव्हे, गरज आहे. काम सुरू करण्यापूर्वी महावितरणची भूमिगत तार आणि महापालिकेचा नळ कोठून गेला आहे याची चौकशी करावी.

मुळे पाया फोडतात, हा आणखी एक दृढ समज. मुळांच्या जोरापेक्षा त्यांची तहान अधिक कारणीभूत असते. ती मातीतील पाणी शोषून तिला कोरडी करतात, काळी माती आकसते आणि भिंतीला तडा जातो. मात्र याची दुसरी बाजू फारशी कोणी सांगत नाही : घराशेजारचे मोठे झाड काढल्यावर तीच माती पुन्हा पाणी धरून फुगते आणि पाया वर उचलला जाऊ शकतो. म्हणून जुन्या घराजवळचे झाड काढण्यापूर्वी, बुडख्याचा विचार तर दूरच, स्थापत्य अभियंत्याचा सल्ला घेणे शहाणपणाचे.

बुडख्यामुळे वाळवी होते, हाही असाच एक समज; परंतु वाळवी बुडख्यातून जन्मास येत नाही. ती जमिनीत मुळातच आहे आणि मेलेले लाकूड तिचे अन्न आहे. यंत्राने केलेला भुसा भिंतीलगत रचून ठेवला तर तोही अन्नच. तो झाडांच्या आळ्यांत वरवर पसरावा. मातीत खोल मिसळला तर कुजताना जमिनीतील नत्र काही काळ अडवून ठेवतो.

शेवटी इजाजतीचा प्रश्न. झाड माझ्या मालकीच्या जागेत, मग दरखास्त कशाला, असे विचारणारे पुष्कळ. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ अन्वये शहरी हद्दीत खाजगी जागेतील झाडालाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि तोडण्याच्या व्याख्येत जाळणे व इजा करणे यांचाही समावेश आहे. झाड मृत किंवा धोकादायक असल्यास परवानगी नाकारता येत नाही, परंतु अर्ज करावाच लागतो. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे व त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचे स्थान मिळाले. शहराबाहेर आंबा, चिंच, मोह, जांभूळ, सागवान यांसारख्या अनुसूचित वृक्षांना वृक्षतोडीविषयीचा १९६४ चा कायदा लागू होतो.

माझे मत विचाराल, तर झाडांची आधीच वानवा असलेल्या या दोन जिल्ह्यांत प्रत्येक बुडखा काढण्याची घाई करू नये. कुणाच्या वाटेत न येणारा, पाया व नळापासून दूर असलेला कडुनिंबाचा बुडखा फुटवे देत असेल, तर त्यांतील एक सरळ, जोमदार फुटवा ठेवून बाकीचे काढावेत. खाली मुळांचा संसार तयार असल्याने तो नव्या रोपापेक्षा लवकर वाढतो.