दोष ग्रहांचा, शिक्षा शेजाऱ्यांना

ऑक्टोबर १३४७ मध्ये सिसिलीच्या मेसिना बंदरात प्लेग उतरला आणि पुढच्या वर्षी फ्रान्सभर पसरला. राजाने कारण विचारले तेव्हा पॅरिस विद्यापीठातल्या वैद्यांनी सांगितले: मार्च १३४५ मध्ये शनी, गुरू आणि मंगळ कुंभ राशीत एकत्र आले, त्यामुळे हवा नासली. मग घरोघर सुवासिक लाकडे जाळली जाऊ लागली. आव्हिन्योंत पोप सहावा क्लेमेंट वैद्यांच्या सल्ल्याने दोन धगधगत्या आगींच्या मध्ये बसत असे, असे सांगतात. तो वाचला.

देवाचा कोप शमावा म्हणून काही जण स्वतःच्या अंगावर चाबूक ओढत गावोगाव फिरले. सगळ्यांत भयंकर ठरली ती ज्यूंनी विहिरींत विष कालवल्याची अफवा. ज्यूही याच रोगाने मरत आहेत, असे पोपने १३४८ मध्ये फर्मान काढून बजावले, पण ऐकणारे थोडेच. १४ फेब्रुवारी १३४९ रोजी स्ट्रासबुर्गमध्ये शेकडो ज्यूंना जिवंत जाळले. तेव्हा त्या शहरात प्लेग पोहोचलाही नव्हता!

शहाणपणाचा उपाय एका व्यापारी बंदराने काढला. रगूझाने, म्हणजे आजच्या दुब्रोव्हनिकने, १३७७ मध्ये साथीच्या प्रदेशातून येणाऱ्यांना महिनाभर शहराबाहेर थांबवण्याचा कायदा केला.