फुटलेल्या सोलर पॅनलचं पुढे काय होतं?

ज्यांना ऐकायला जमलं नाही, त्यांच्यासाठी आजचा एपिसोड लिहून देतोय.

मागच्या उन्हाळ्यात वैजापूरकडे मामांच्या वावरात गारपीट झाली. सौर पंपाची दोन पॅनल फुटली, काचेची नुसती जाळी झाली. भंगारवाला आला आणि म्हणाला, "चौकटीचे पैसे देतो, बाकीचं तुमचं तुम्ही बघा." मामांनी मला फोन लावला. "तू इंजिनिअर ना? मग सांग, हे बाकीचं टाकू कुठं?" मला उत्तर येईना.

भंगारवाल्याचा हिशोब त्याच्या जागी बरोबर आहे. ॲल्युमिनियम लगेच वितळतं, लगेच विकलं जातं. पण पॅनलच्या वजनात साधारण तीन चतुर्थांश काच असते. उरलेल्यात प्लॅस्टिक, सिलिकॉन, थोडं तांबं आणि अगदी थोडी चांदी. शिवाय जोडणीच्या सोल्डरमध्ये शिसं. फुटलेलं पॅनल बांधावर वर्षानुवर्षं पावसात पडलं, तर ते शिसं हळूहळू मातीत उतरू शकतं.

मग हे सगळं वेगळं का करत नाहीत? अडचण आहे ईव्हीए नावाच्या चिकट थराची. काच, सेल आणि मागचा पडदा यांच्यामध्ये हा थर घालून १५० अंशांच्या आसपास तापवतात. एकदा पक्का झाला की तो मेणासारखा परत वितळत नाही. पंचवीस वर्षं पाणी आत जाऊ नये म्हणूनच तो तसा बनवलाय. म्हणजे जे पॅनल टिकवतं, तेच रिसायकलिंगला नडतं.

कारखान्यात आधी मागचा वायरचा डबा आणि चौकट काढतात. पुढे तीन रस्ते आहेत. एक, सगळं दळून चाळायचं. हे स्वस्त पडतं, पण काच अशुद्ध निघते. दोन, बंद भट्टीत साधारण ५०० अंशांना ईव्हीए जाळायचा. मागच्या पडद्यात बऱ्याचदा फ्लोरिन असतं, त्यामुळे धूर शुद्ध करणारी यंत्रणा लागतेच. उघड्यावर हे कधीच जाळू नका! तीन, रसायनांनी थर सोडवायचे. शेवटी नायट्रिक ॲसिडमध्ये चांदी विरघळवून परत मिळवतात. फ्रान्समध्ये रूसे इथे २०१८ मध्ये फक्त पॅनलसाठीचा कारखाना सुरू झाला.

आता आपल्याकडचा आकडा बघू. ऑक्टोबर २०२४ मध्ये लोकार्पण झालेल्या पाच सौर पार्कांपैकी एक वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावचं, ३ मेगावॅटचं. ५४० वॅटचं एक पॅनल २८ किलोचं धरलं, तर साधारण ५,५०० पॅनल, म्हणजे दीडशे टन माल. त्यात शंभर टनांहून जास्त काच. हे एका छोट्या पार्कचं झालं! सीईईडब्ल्यू या अभ्यास संस्थेच्या २०२४ च्या अहवालानुसार, मार्च २०२३ पर्यंत देशात बसलेल्या पॅनलमधूनच २०३० पर्यंत ३.४ लाख टन कचरा होईल.

पैसा चांदीत आहे आणि वजन काचेत. जड, स्वस्त काच लांब न्यायची म्हटलं की भाड्यातच कमाई जाते. भट्टी आणि ॲसिडचा खर्चही भरपूर माल आला तरच निघतो. म्हणून जिल्ह्याजिल्ह्यात गोळा करायची सोय आणि मोठा कारखाना, दोन्ही लागतं. वाळूज, शेंद्र्यासारख्या एमआयडीसीजवळ चौकट आणि वायर काढली, तरी बराच भार हलका होईल, असं माझं मत.

कायदा आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत सोलर पॅनल येतात. बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या कंपन्यांनी २०३४-३५ पर्यंत हा कचरा साठवून ठेवायचाय. पण बांधावरचं पॅनल कंपनीपर्यंत पोचवायचं कसं, खरी गाडी तिथे अडते.

तोपर्यंत आपण काय करायचं? चौकट काढून विकू नका, पॅनल अख्खं ठेवा. मागच्या नंबरचा फोटो काढा. बसवणाऱ्याला लेखी कळवा. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेतला पंप असेल, तर पाच वर्षांची दुरुस्तीची हमी आणि विमा असतो, तो आधी तपासा. नाहीतर नोंदणी असलेला ई-कचरा रिसायकलर शोधा.

मामांची दोन पॅनल सध्या गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली आहेत, चौकटीसकट. बसवणाऱ्याला अर्ज दिलाय. उत्तर आलं की पुढच्या एपिसोडमध्ये सांगतो. तुमच्याकडे फुटलेली पॅनल कुठे जातात, तेही कळवा. भेटू!