जुन्या दुनळीची लांबी आणि अस्सलपणा

अमेरिकेच्या ईशान्य भागातील दाट झाडीत रफ्ड ग्राऊज आणि वुडकॉक, दक्षिणेच्या शेतांकडेला बॉबव्हाइट जातीचे लावे, अशी रानपक्ष्यांची शिकार ज्या दुनळी बंदुकांनी होत असे, त्या आज संग्राहकांच्या हाती आहेत. मेरिडनची पार्कर, फिलाडेल्फियाची फॉक्स, फुल्टनची एल. सी. स्मिथ ही त्यांतली मानाची नावे. अशी बंदूक पारखताना नळ्यांची लांबी मोजली जाते. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून ती मिटतात, तोंडाकडून लाकडी काठी आत टेकेपर्यंत सोडतात आणि ती तोंडाशी जिथे येते तिथे खूण करतात. मात्र एवढ्याने भागत नाही. कारखान्यातून बाहेर पडतानाही लांबी इतकीच होती का, हे ठरवणे जास्त कठीण असते.

26, 28, 30 आणि 32 इंच ही नेहमीची मापे. काळी दारू सावकाश जळते, म्हणून लांब नळीचा तिला उपयोग होता. धूर न करणारी दारू आल्यावर तो फारसा उरला नाही. इंचभर नळी कमी झाली तरी छऱ्यांचा वेग नाममात्र घटतो. तरीही बारा बोअरला 30 इंची नळ्या पुष्कळ काळ मागितल्या जात. बदकांच्या शिकारीत लांब बंदूक संथपणे फिरते, नेम स्थिर राहतो.

ग्राऊजची गोष्ट निराळी. तो पायाजवळून भर्रकन उठतो आणि 20-25 यार्डांत झाडांआड जातो. तिथे आखूड, हलकी बंदूक सोयीची पडते आणि छरेही लवकर पसरावे लागतात. छरे किती पसरतील हे नळीच्या तोंडाजवळचा निमुळता भाग, म्हणजे चोक, ठरवतो. फुल चोकमधून सुटलेल्या छऱ्यांपैकी सुमारे 70 टक्के 40 यार्डांवर 30 इंच व्यासाच्या वर्तुळात पडतात. चोक नसलेल्या नळीतून साधारण 40 टक्के. 20 यार्डांवर फुल चोकचा झोत इतका घट्ट असतो की एक तर नेम हुकतो, नाहीतर पक्ष्याची चाळण होते. वडिलार्जित 30 इंची, फुल चोकची बंदूक घेऊन झाडीत शिरणाऱ्यांपैकी अनेकांनी त्यावर करवतीचा उपाय केला. चोक तोंडाजवळच्या दोन-तीन इंचांतच असल्याने चार इंच कापताच लांबी आणि चोक दोन्ही गेले. काही नळ्या चिखल किंवा बर्फ अडकून तोंडाशी फाटल्या, म्हणून कापाव्या लागल्या.

कापल्याच्या खुणा तोंडाशीच सापडतात. दुनळीच्या नळ्या मागे जाड आणि पुढे पातळ असतात. दोन्हींचा मारा लांबवर एकाच जागी पडावा म्हणून त्या पुढे एकमेकींकडे झुकवून जोडलेल्या असतात. त्यामुळे मूळ तोंडाशी त्या सहसा एकमेकींना टेकतात. कापलेल्या जोडीत मधे फट दिसते, ती बहुधा शिशाने किंवा धातूच्या तुकड्याने बुजवलेली असते. माशी नव्या जागी बसवल्याचे, वरच्या पट्टीची नक्षी मधेच तुटल्याचेही दिसते. आतला व्यास मोजला की चोकचा मागमूस नसतो. अर्थात चोक नुसता घासूनही काढता येतो, किंवा कापल्यावर तोंडामागे आतून उथळ खळगा कोरून चोकसारखा परिणाम साधता येतो. म्हणून एकाच खुणेवर निवाडा करणे धोक्याचे आहे.

सगळ्यांत भक्कम पुरावा कागदाचा. पार्करच्या कारखान्याच्या नोंदवह्या बऱ्याच टिकल्या आहेत. क्रमांकावरून ती बंदूक कोणत्या बोअरची, किती लांबीची मागवली होती हे अनेकदा कळते. एल. सी. स्मिथच्या नोंदी वायोमिंगमधील कोडी येथील शस्त्रसंग्रहालयात आहेत. इंग्रजी बंदुकांवर चाचणीगृहाचे शिक्के असतात. 1887 नंतरच्या नळीखाली ‘चोक’ असा शिक्का आहे आणि आत मात्र चोक नाही, तर नळी पुढे कधीतरी कापली किंवा घासली गेली, हे नक्की.

आखूड नळी म्हणजे कापलेली नळी, हा समजही तितकाच चुकीचा. लंडनच्या रॉबर्ट चर्चिल यांनी 1920 च्या दशकात 25 इंची बंदूक हिरिरीने पुढे आणली आणि तिच्यासाठी वर उचललेली अरुंद पट्टी योजली. अमेरिकी कारखानेही मागणीनुसार 26 इंची नळ्या देत. मूळ 26 इंची, मोकळ्या चोकची लहान बोअरची पार्कर ही दुर्मीळ असते आणि तिला किंमतही तशीच येते. याच कारणाने तिची बतावणी करणाऱ्या कापलेल्या बंदुका बाजारात येतात.

चांगल्या जागी, नीट कापलेली बंदूक झाडीत उत्तम चालते आणि ती टाकाऊ ठरवणे अन्यायाचे आहे. पण कापलेला तुकडा परत जोडता येत नाही. जुन्या नळ्यांच्या मागच्या भागात नव्या नळ्या बसवता येतात; मात्र इंग्लंडमध्ये त्यानंतर पुन्हा चाचणी होते, नवे शिक्के पडतात आणि ती बंदूक मूळ नळ्यांची राहत नाही. विकणाऱ्याने हे सारे आधीच सांगणे आणि घेणाऱ्याने तोंड, आतला व्यास व नोंद तिन्ही ताडून मगच मोल ठरवणे, हाच या व्यवहारातला सचोटीचा मार्ग मानला जातो.